खवट तेल

"आतून किती गंज लागलाय, ते बघायचंय काका."

डॉक्टर मुलगी एवढंच म्हणाली होती, आणि तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची सकाळ. वॉर्डात फिनेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या पोह्यांचा वास, आणि माझे वडील, अण्णा, उपाशीपोटी कॉटच्या कडेला पाय सोडून बसलेले. तिनं दोन पानांचा मराठी फॉर्म आणला होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तिचा अभ्यास चालू होता. नेहमीच्या तपासण्यांबरोबर पाच मिली रक्त जास्तीचं हवं होतं, उपचार सुरू होण्याआधीचं. अण्णा पंचांग वाचतात तसे एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेले आणि 'ऑक्सिडेटिव्ह ताण'पाशी थांबले. "ताण तर हायच की माय," मला म्हणाले, "त्यो बघायला रगत कशाला पायजे?" ती मुलगी क्षणभर गडबडली. त्यांना कळेल असा शब्द ती मनापासून शोधत होती, आणि तिला सापडला तो गंज. लोखंडाला हवेनं गंज चढतो ना काका, तसं शरीरातही होतं. अण्णांनी मान हलवली, बाही वर सारली, हात पुढे केला. नळीवर तिनं नाव लिहिलं नाही, नंबर लिहिला. ती गेल्यावर बराच वेळ ते खिडकीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपल्या लोखंडाला मी कधी गंज चढू दिला न्हाई."

तो शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गंजाचा प्रयोग माझ्या हातचा मळ आहे. तीन परीक्षानळ्या, तीन लोखंडी खिळे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा आणि ओल शोषून घेणारं कॅल्शियम क्लोराइड. आठवडाभरानं पोरं बाकांवर वाकून बघतात. पहिलाच खिळा तांबूस झालेला असतो. ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतं, हे उत्तर मी शेकडो पोरांकडून वदवून घेतलंय. पण आमच्याकडे गंज हा शब्द रसायनशास्त्रातला नाहीच. 'बसून बसून गंजलाय नुसता.' 'अकलेला गंज चढलाय.' जिथं हात फिरला नाही तिथं गंज. अण्णांच्या औताच्या खोलीत तो शब्द जवळजवळ शिवीसारखा. हंगाम संपला की विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची फास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, असं सगळं ते अंगणात मांडायचे, मातीचा कण न् कण खरवडायचे, तेलाचं फडकं फिरवून पोत्यात गुंडाळायचे आणि माळ्यावर ठेवायचे. किल्लारीच्या भूकंपाच्या साली पुढची भिंत पडली, तेव्हा ढिगाऱ्यातून उकरून काढलेली फास अजून आमच्या वखराला आहे. ज्या माणसानं जन्मभर हत्यारांवर तेलाचा हात फिरवला, त्याला सांगितलं गेलं की तुम्हीच आतून गंजलात.

आणि शास्त्र म्हणून बघायचं तर अण्णांच्या अंगात तेव्हा गंजायला लोखंड उरलंच नव्हतं. दहा महिने रक्त जात होतं. त्यांनी ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं. आमच्या भागात सगळेच काढतात. कुणीतरी एका गावी गुरुवारी मिळणाऱ्या पुड्या आणून दिल्या, ताक वाढवलं, तिखट तोडलं, अधूनमधून रक्त थांबलं की गुण आला म्हणायचं. मला कळलं ते फार उशिरा, आणि तेही आईकडून, पोरीशी असल्या गोष्टी कशा बोलायच्या म्हणून चाचरत. बांध चढताना दम लागायला लागला, करदोडा सैल झाला, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅमच लोह असतं, एखाद्या खिळ्याएवढं, आणि त्यातलं बहुतेक रक्तात. एक मिली रक्त गेलं की अर्धा मिलिग्रॅम लोह गेलं. दहा महिने अण्णा तो खिळा थोडा थोडा झिजवत होते आणि मी लातुरात बसून पोरांना खिळ्यांचे प्रयोग दाखवत होते. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा पाठवला, डाव्या बाजूला खाली, आतड्याच्या वळणावर गाठ निघाली. 'बार्शीला न्यायचं का?' असं चुलत्यांनी विचारलं, तेव्हा आई मटकन खाली बसली. आमच्याकडे पेशंटला बार्शीला नेलं म्हटलं की पुढं कुणी आजाराचं नाव विचारत नाही.

योजनेची फाइल मंजूर झाली, ऑपरेशन झालं. पोटावर पिशवी लावावी लागली नाही, म्हणून आई तुळजापूरला जाऊन ओटी भरून आली. मी मात्र त्या पाच मिली रक्ताच्या मागे गेले. तुमचं काम बघू का, असं विचारल्यावर त्या डॉक्टर मुलीचा चेहरा असा उजळला की तिला हे याआधी कुणीच विचारलं नसावं. प्रयोगशाळा छोटी होती, पंखा करकरत होता. स्टँडमध्ये नळ्यांची रांग, प्रत्येकीत दोन बोटं द्रव. त्यात तिनं थायोबार्बिट्युरिक आम्ल घातलेलं होतं. नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, आम्ही चहा पिऊन आलो, आणि बाहेर काढल्या तेव्हा त्यांना रंग चढलेला होता. गुलाबी. काही नळ्या कमळाच्या पाकळीच्या टोकाएवढ्या फिक्या, काही भाजलेल्या बिटासारख्या गडद. जेवढा रंग गडद तेवढं मॅलॉन्डायआल्डिहाइड जास्त, ती सांगत होती. यंत्रात नळी घालून ५३२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला ती किती अडवते ते मोजायचं, की आकडा मिळतो. मॅलॉन्डायआल्डिहाइड म्हणजे शरीरातल्या स्निग्ध पदार्थांवर ऑक्सिजनचा घाव बसल्यावर उरणारा चुरा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात तो निरोगी माणसांपेक्षा जास्त असतो, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. मी विचारलं, यातली अण्णांची नळी कुठली? ती म्हणाली, सांगता येत नाही हो मॅडम, नियम आहे, आणि माझ्याकडे नुसते नंबर आहेत. मग नळ्या धुवायला घेताना सहज बोलून गेली, "ही टेस्ट तेलाला पण करतात. खवट झालंय का बघायला."

खवट!

मला एकदम आईची तळहात चोळायची सवय आठवली. आमच्याकडे तेल म्हणजे करडईचं, आताआतापर्यंत घाण्यावरून काढून आणलेलं. डबा उघडला की आई दोन थेंब तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळव्यानं चोळायची, नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायची. ताज्या तेलाला भिजलेल्या कडब्यासारखा हिरवट, बारीक वास असतो. खवट तेलाचा वास मात्र आधी नाकाला लागतच नाही, घशाच्या मागं लागतो. जुन्या खोबऱ्याचा, बंद पेटीतल्या शेंगदाण्यांचा, थोडा रंगाच्या डब्याचा. करडईचं तेल लवकर खवटतं, कारण त्यात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि त्या आम्लाच्या साखळीत दुहेरी बंधाच्या दोन नाजूक जागा असतात. ऑक्सिजन नेमका तिथं शिरतो. पुढं हेच तेल हवा खाऊन घट्ट होतं, पातळ पापुद्रा धरतं, म्हणून ते रंगांतही घालतात. आईला दुहेरी बंध ठाऊक नव्हते. तिला एवढं ठाऊक होतं की जुन्या तेलाचा डबा घासल्याशिवाय नवं तेल ओतायचं नाही, "एक थेंब राहिला तरी समदं खवट करतंय." मी बीएस्सीला साखळी अभिक्रिया पाठ केली, ती हीच. एक रेणू बिघडतो, शेजारच्याचा हायड्रोजन ओढून घेतो, शेजारचा त्याच्या शेजाऱ्याचा. आईनं हे मला चुलीपाशी बसून शिकवलं होतं, आणि मी तेव्हा ते शास्त्र समजले नव्हते.

पेशीचं आवरण असल्याच तेलकट रेणूंचं असतं. म्हणून घाव तिथं बसतो, आणि ते आवरण खवटतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. ऑक्सिजनशिवाय जगता येत नाही आणि श्वासातला थोडासा ऑक्सिजन रोज अर्धवट जळून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी रूपं घेतो. त्यांना आवरायला पेशीत राखणदार असतात: सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन. इथंच लोह परत येतं, आणि या वेळी उलट्या बाजूनं. १८९४ साली हेन्री फेंटन यांनी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीनं होणारी अभिक्रिया दाखवली. त्यातून निघणारं हायड्रॉक्सिल मूलक इतकं उतावीळ की पहिला जो रेणू भेटेल त्याला फाडतं. ज्या लोहासाठी अण्णांना रोज गोळ्या चालू होत्या, तेच लोह मोकाट सुटलं तर आतड्याच्या अस्तराला सोसवत नाही. मोठ्या आतड्याचं अस्तर तसं फार कष्टाळू; तीन ते पाच दिवसांत नवं होतं. सतत एका पेशीच्या दोन होतात, सतत डीएनएच्या नकला निघतात, आणि त्या गडबडीत ऑक्सिजननं डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनला धक्का लावला तर नकलेत चूक राहून जाते. पित्तातली आम्लं, जंतू, सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींनी फवारलेली अस्त्रं, या सगळ्यांचा त्यात हात. आणि एकदा गाठ झाली की ती स्वतःच जास्त ऑक्सिडंट तयार करते, वर स्वतःचे राखणदारही वाढवून घेते, म्हणजे आग लावून स्वतः ओलं पोतं पांघरून बसल्यासारखी. म्हणून त्या गुलाबी रंगाचा किती भाग आजाराच्या आधीचा आणि किती आजारामुळं आलेला, हे नळीकडे बघून सांगता येत नाही.

पण घरी येणाऱ्या माणसांना नेमकं तेच हवं असतं. काय खात होते? तंबाखू होती का? मटण लई चालायचं का? अण्णा जत्रेला आणि पाहुणे आले तर, वर्षातून मोजून चार-पाच वेळा मटण खाणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस संशयितांच्या यादीत घातलं, तेही मी वाचून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सांगायला. त्या लोकांना ते नको असतं. त्यांना अण्णांची एखादी चूक हवी असते, म्हणजे आपण ती केली नाही असं म्हणून चहा संपवता येतो. काही जण म्हणाले, ताण घेतला असेल. 'ऑक्सिडेटिव्ह ताण' हा शब्द शास्त्रज्ञ हेल्मुट सीज यांनी १९८५च्या सुमारास रसायनांच्या तोल ढळण्यासाठी रूढ केला. मराठीत येताना तो कर्जाच्या आणि पावसाच्या ताणाशेजारी येऊन बसला. आतड्याच्या अस्तरावर उगवलेला साधा कोंब, डॉक्टर ज्याला पॉलिप म्हणतात, त्याची गाठ व्हायला बहुधा दहा वर्षं लागतात म्हणे. दहा वर्षं मागं गेलं की मी पोचते २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत. अण्णा तेव्हा बोअर आणखी खाली नेत होते, सातशे फूट, आठशे फूट, आणि वर नुसता फुफाटा येत होता. त्याच महिन्यांत कुठं तरी पोटात पहिली पेशी चुकली असेल. नसेलही. मला त्या दोन गोष्टी जोडायला आवडत नाही, तरी रात्री झोप लागली नाही की मन त्या जोडतंच.

मावसभाऊ दोन एसट्या बदलून आला, हातात फळांच्या रसाची बाटली, चौदाशे रुपयांची. लेबलावर 'अँटिऑक्सिडंट' ठळक अक्षरांत. त्याचा पगार मला माहीत आहे. नको म्हणताना माझा घसा दाटून आला. मी त्याला सांगत बसले की हे लोकांनी करून बघितलंय. अमेरिकेत आतड्यातले कोंब काढलेल्या ८६४ जणांवर चार वर्षं प्रयोग झाला, बीटा कॅरोटिन, सी आणि ई जीवनसत्त्वं देऊन; त्याचा निकाल १९९४ साली आला. नवे कोंब यायचे काही कमी झाले नाहीत. त्याच वर्षी फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास आला, त्यात बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आमच्या डॉक्टरांनीही किमो चालू असताना असले अर्क वर्ज्य सांगितले होते: औषधाचा मुख्य घाव गाठीच्या डीएनएवर असला तरी पेशीत ऑक्सिडंट वाढवूनही ते मारतं, आपणच लावलेल्या आगीवर आपणच पाणी कशाला टाकायचं? पेरू, आवळा, करडईची भाजी जेवणात खुशाल खा म्हणाले. मावसभावानं सगळं ऐकून घेतलं. "मग हे मी परत नेऊ का?" त्यानं विचारलं, आणि मला माझ्या सगळ्या आकड्यांची लाज वाटली. बाटली आमच्या फडताळात आहे. फोडली नाही, पण टाकवतही नाही.

किमो दर तीन आठवड्यांनी, एकूण आठ वेळा. ऑक्सॅलिप्लाटिनची सलाईन आणि घरी घ्यायच्या गोळ्या. या औषधाचं एक विचित्र आहे: गार वस्तू सोसत नाही. पहिल्या डोसनंतर तिसऱ्या दिवशी अण्णांनी माठातलं पाणी प्यायलं आणि गळा धरून उभे राहिले, कुणी आवळल्यासारखे. मग एका सकाळी ते औताच्या खोलीत गेले, सवयीनं विळ्याला हात घातला आणि विळा हातातून पडला. "करंट हाय ह्यात," म्हणाले. मी विळा उचलला. कार्तिकातल्या सकाळचं गार लोखंड, बाकी काही नाही. त्यांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या आणि ते हाताकडे असे बघत होते जसं कुणी ओळखीच्या माणसानं तोंड फिरवावं. मी लातुरातून लोकरीचे हातमोजे आणले. रब्बीची पेरणी भावानं केली. हत्यारांकडे या वर्षी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

चार डोस झाले आणि येळवस आली, शेतात जाऊन पूजा करायची आमची वेळ अमावस्या. अमावस्येच्या आदल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपत नाही. भज्जीसाठी तुरीचे, वाटाण्याचे दाणे सोलणं, उंडे, आंबील. आईनं माळवदाच्या कोपऱ्यातला तेलाचा डबा पुढं ओढला. ऑपरेशनच्या गडबडीत तो तसाच राहिला होता, झाकण नीट बसलेलं नव्हतं. तिनं दोन थेंब तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले, आणि डोळे मिटायच्या आतच हात लांब केला. "खवाट झालंय. टाकून दे गं." मी डबा उचलला तर ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, "टाकू नका. हिकडं आणा."

माळ्यावरून त्यांनी भावाकडून पोतं उतरवून घेतलं. खुरपी, विळे, कुऱ्हाड, भूकंपातून निघालेली फास. सगळ्यांवर नारिंगी भुकटी बसली होती. फासेच्या कडेला तर बोटानं खरवडली तर सुटत होती. अण्णांनी हातमोजे घातले, फडकं तेलात बुडवलं आणि एकेक घासायला घेतलं. मी शेजारी बसले. बाहेर थंडी होती, आत आंबिलीच्या बिंदगीला आई घोंगडं गुंडाळत होती, आणि त्यातली अण्णांची वाटी उद्या कोमट करून द्यायची हे मी मनात घोकत होते. "अण्णा," मी म्हणाले, "त्या दिवशी ती पोरगी गंज म्हणाली ना, तसं नसतंय ते. त्यांनी बघितलं ते हे. तेल खवट होतं, तसं." त्यांनी फडकं नाकाशी नेलं. बराच वेळ हुंगलं. त्यांची चव गेली होती त्या औषधानं, वास शिल्लक होता. "आसं व्हय," म्हणाले, आणि मान हलवली, वॉर्डात हलवली होती तशी नाही, जरा वेगळी. लोकरीचा हातमोजा तेलानं काळपट झाला होता. फासेवर त्यांनी टोकापासून टोकापर्यंत फडकं ओढलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा ओढलं.

"आजून थोडं वत, माय," ते म्हणाले, आणि मी डबा कलता केला.